१९६५चा कायदा आणि ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या भारतीयांबद्दल आपल्याकडे काहीही छापून आले, की ‘१९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी भारतीयांसाठी दार उघडले’ हे वाक्य त्यात हमखास असते. वाक्य चूक नाही, पण अर्धवट आहे. ज्यांच्या घरातले कोणी ना कोणी न्यू जर्सीत, शिकागोत किंवा कॅलिफोर्नियात आहे, त्या मराठी वाचकांना उरलेले अर्धे कळायला हवे. कोणत्या देशातून किती माणसे येऊ द्यायची, हे ठरवणारी जुनी पक्षपाती कोटा पद्धत मोडणाऱ्या त्या कायद्याचे नाव हार्ट-सेलर कायदा. हार्ट म्हणजे मिशिगनचे सिनेटर फिलिप हार्ट. सेलर म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून निवडून येणारे इमॅन्युएल सेलर. ४ मार्च १९२३ ते ३ जानेवारी १९७३, म्हणजे पन्नास वर्षांना दोन महिने कमी इतका काळ ते अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, प्रतिनिधिगृहाचे (कनिष्ठ सभागृहाचे) सलग सदस्य होते. जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केली ती ३ ऑक्टोबर १९६५ रोजी. सेलर स्थलांतराच्या प्रश्नावर सभागृहात पहिल्यांदा उभे राहिले ते १९२४ मध्ये.

त्यांची कारकीर्द सुरू झाली ते दिवस भारतीयांसाठी फार वाईट होते. १९१७च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून स्थलांतर बंद झालेच होते. त्यात १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, सेलर यांची मुदत सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात एकमताने निकाल दिला की भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यातल्या ‘गोऱ्या व्यक्ती’च्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तो अमेरिकी नागरिक होऊ शकत नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात सेवा केलेल्या थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घ्यायला सुरुवात केली आणि खुद्द पंडितांवरही तशी कारवाई झाली. ते आपला खटला लढले आणि जिंकले. बाकी अनेकांना ते जमले नाही.

पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, जॉन्सन-रीड कायदा आला. हे जॉन्सन वेगळे, वॉशिंग्टन राज्याचे अल्बर्ट जॉन्सन, स्थलांतर समितीचे सभापती. कोट्याचे सूत्र असे ठरले: १८९०च्या जनगणनेत ज्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या दोन टक्के माणसे त्या देशातून दरवर्षी येऊ शकतील. १९२४ साली १९२०ची जनगणना हाताशी होती. ती सोडून १८९०ची घेतली, कारण इटली, पोलंड, रशिया इथून लोकांचा लोंढा आला तो प्रामुख्याने १८९० नंतर. जुनी जनगणना धरली की ब्रिटन आणि जर्मनीचा आकडा मोठा राहतो आणि इटालियन, ज्यू यांचा आपोआप नगण्य होतो. नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्या आशियाई लोकांना तर कोट्याबाहेरच ठेवले. सेलर यांचा मतदारसंघ याच नव्या लोकांचा होता. सभागृहात नवखा, विरोधी पक्षाचा हा सदस्य उभा राहिला, कडाडून बोलला आणि हरला. १९२९ पासून सूत्र आणखी पक्के झाले. वर्षाला सुमारे दीड लाख जागांपैकी ६५ हजारांहून अधिक एकट्या ब्रिटनला मिळाल्या.

सेलर पुन्हा पुन्हा निवडून येत राहिले, आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये त्या काळी टिकून राहण्याला वेगळीच किंमत होती. बहुमतातल्या पक्षाचा जो सदस्य एखाद्या समितीत सर्वांत जास्त काळ सलग बसला असेल, तो तिचा सभापती होई. निवडणूक नाही, गुणवत्तेची चर्चा नाही. आणि सभापतीच्या हातातला हातोडा म्हणजे कायद्याच्या जिवावरचा ताबा. कोणत्या विधेयकाची सुनावणी घ्यायची, ते कोणत्या उपसमितीकडे पाठवायचे, मतदानाला कधी ठेवायचे, हे सारे तोच ठरवी. त्याला एखादे विधेयक नको असेल, तर विरोधात मत देण्याचीही गरज नसे. त्याने ते विषयपत्रिकेवर घेतलेच नाही की झाले.

सेलर यांना हा हातोडा मिळाला १९४९ मध्ये, न्यायविषयक समितीचा. १९५३-५४ची दोन वर्षे सोडली, तर १९७३ पर्यंत तो त्यांच्याकडेच होता. इथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. स्थलांतर हा विषय आधी या समितीकडे नव्हताच, त्यासाठी वेगळी समिती होती. १९४६च्या पुनर्रचना कायद्याने समित्यांची संख्या घटवली आणि स्थलांतर न्यायविषयक समितीत विलीन केले. ही पुनर्रचना झाली नसती, तर सेलर कितीही ज्येष्ठ झाले तरी स्थलांतर कायद्याची दोरी त्यांच्या हाती आली नसती.

त्याच १९४६ साली, सभापती होण्याआधीच, त्यांचे नाव भारतीयांशी कायमचे जोडले गेले. कनेटिकटच्या रिपब्लिकन सदस्या क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅट सेलर यांनी चालवलेला लूस-सेलर कायदा २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीने अमलात आला. इंडिया लीग ऑफ अमेरिका या संघटनेचे जे. जे. सिंग यांनी त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये खूप खटपट केली होती. कायद्याने दोन गोष्टी दिल्या: भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा. शंभर हा आकडा आज हास्यास्पद वाटेल. खरे मोल पहिल्या गोष्टीचे होते. नागरिकत्वच नाकारलेले असल्याने आधीपासून तिथे राहणाऱ्यांना कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत शेतजमीन स्वतःच्या नावावर घेता येत नव्हती. या कायद्यामुळेच दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून थेट काँग्रेसवर निवडून आले. सेलर यांच्याच सभागृहात ते येऊन बसले.

पण सभापती झाले म्हणजे सगळे हातात आले असे नसते. सेलर यांच्याच समितीतली स्थलांतर उपसमिती पेनसिल्व्हेनियाच्या फ्रान्सिस वॉल्टर यांच्याकडे होती, आणि वॉल्टर कोटा पद्धतीचे कट्टर समर्थक. १९५२ मध्ये वॉल्टर आणि सिनेटर पॅट मॅकॅरन यांनी आणलेल्या कायद्याने वंशावरची नागरिकत्वबंदी उठवली, पण कोट्याचा सांगाडा तसाच ठेवला. शिवाय एक खास आशियाई अट घातली. इतरांचा कोटा जन्मदेशावरून ठरे, पण ज्याचे निम्मे रक्त आशियाई असेल तो लंडनमध्ये जन्मलेला असला, तरी आशियाच्या तुटपुंज्या कोट्यातच मोजला जाई. ट्रुमन यांनी हे विधेयक परत पाठवले. प्रतिनिधिगृहाने २७८ विरुद्ध ११३, तर सिनेटने ५७ विरुद्ध २६ मतांनी अध्यक्षांचा नकार मोडून काढला. सेलर त्या ११३ जणांच्या बाजूला होते. आपल्या समितीतून गेलेले विधेयक सभागृहात आपल्यालाच पाडायचे आहे आणि ते पडत नाही, हे त्यांना पाहावे लागले.

वॉल्टर १९६३ मध्ये वारले. त्या वर्षी सेलर यांच्या टेबलावर दुसरे एक मोठे विधेयक आले, एच.आर. ७१५२, म्हणजे पुढे वर्णभेदाविरुद्धचा १९६४चा नागरी हक्क कायदा झाला तो. अमेरिकेत विधेयक कुठे कुठे अडकते, हे समजून घ्यायचे तर यासारखे उदाहरण नाही.

पहिला टप्पा समितीचा. सेलर यांनी विधेयक स्वतःच्या उपसमितीत, पाचव्या क्रमांकाच्या, घेतले. उपसमितीने उत्साहात ते इतके कडक केले, की रिपब्लिकन मते मिळेनात. तेव्हा ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅकुलक यांच्याशी तडजोड करून मधला मसुदा तयार झाला आणि २९ ऑक्टोबर १९६३ रोजी न्यायविषयक समितीने तो २० विरुद्ध १४ मतांनी संमत केला. समितीने संमत केले म्हणजे सभागृहात चर्चा होते, असा आपला समज असतो. तसे नाही. मध्ये नियम समिती असते. चर्चा किती तास, दुरुस्त्या कोणत्या, हे तिने ठरवून दिल्याशिवाय मोठे विधेयक सभागृहात येत नाही. तिचे सभापती व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ. वर्णभेदाचे हे पक्के पाठीराखे विधेयक विषयपत्रिकेवर घ्यायलाच तयार नव्हते.

यावर एकच औषध असते, डिस्चार्ज पिटिशन. विधेयक समितीच्या हातून काढून घेण्याचा हा अर्ज सभागृहात टेबलावर ठेवतात आणि सदस्याने स्वतः तिथे जाऊन सही करायची असते. ४३५ पैकी २१८ सह्या झाल्या, की सभापतीची अडवणूक संपते. हे फारसे यशस्वी होत नाही आणि त्याचे कारण माणसाच्या स्वभावात आहे. आज दुसऱ्याच्या सभापतीविरुद्ध सही केली, तर उद्या आपल्या समितीवर तीच वेळ येईल, ही प्रत्येक ज्येष्ठ सदस्याला धास्ती. डिसेंबर १९६३ मध्ये सेलर यांनी अर्ज दाखल केला. २१८ सह्या झाल्या नाहीत, पण आकडा वाढताना दिसू लागला. केनेडींच्या हत्येनंतरचे दिवस होते आणि नियम समितीतले रिपब्लिकनही दबाव आणू लागले. स्मिथ यांना जानेवारीत सुनावणी घ्यावीच लागली आणि ३० जानेवारी १९६४ रोजी विधेयक त्यांच्या समितीतून सुटले.

मग सभागृहातले दहा दिवस. दुरुस्त्यांच्या टप्प्यावर सभागृह ‘संपूर्ण सभागृहाची समिती’ म्हणून बसते आणि तिथे गणपूर्ती फक्त १०० सदस्यांची. त्या काळी दुरुस्त्यांवरची मते नावानिशी नोंदली जात नसत. बाजूने असणारे आधी, विरोधातले नंतर, मधल्या वाटेने मोजणाऱ्यांसमोरून चालत जात आणि फक्त आकडा जाहीर होई. म्हणजे दुपारी जेवायला गेलेल्या पन्नास समर्थकांच्या गैरहजेरीत एखादे कलम उडू शकत होते आणि कोण नव्हते, हे मतदारांना कळलेही नसते. म्हणून समर्थक संघटनांची माणसे प्रेक्षकसज्जात बसून चेहरे ओळखत होती आणि गैरहजर सदस्याच्या कार्यालयात निरोप धाडत होती. शंभराहून अधिक दुरुस्त्या आल्या. विधेयक खिळखिळे करणाऱ्या दुरुस्त्या सेलर आणि मॅकुलक यांनी पक्ष विसरून एकत्र उभे राहून परतवल्या. १० फेब्रुवारीला विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी संमत झाले. सिनेटमधला प्रदीर्घ वेळकाढूपणा संपून २ जुलै १९६४ला कायदा झाला.

या अनुभवावर आणि १९६४च्या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाला मिळालेल्या प्रचंड बहुमतावर १९६५चे स्थलांतर विधेयक उभे राहिले. अडथळा पुन्हा घरातच होता. वॉल्टर यांच्या जागी आलेले ओहायोचे मायकेल फायगन विधेयक पुढे सरकू देईनात. शेवटी सौदा झाला. मूळ प्रस्तावात निम्म्या जागा कौशल्यावर होत्या. फायगन यांनी क्रम उलटवला आणि पारड्यात कुटुंब घातले. अंतिम कायद्यात पूर्व गोलार्धाला (म्हणजे युरोप, आशिया, आफ्रिका वगैरेंना मिळून) वर्षाला १ लाख ७० हजार जागा आणि कोणत्याही एका देशाला जास्तीत जास्त २० हजार. प्राधान्यक्रम सात. नागरिकांची अविवाहित प्रौढ मुले २० टक्के, कायम रहिवाशांची पती-पत्नी व अविवाहित मुले २० टक्के, डॉक्टर, शास्त्रज्ञ, अभियंते असे व्यावसायिक १० टक्के, नागरिकांची विवाहित मुले १० टक्के, नागरिकांची भावंडे २४ टक्के, टंचाई असलेल्या कामांतले कामगार १० टक्के आणि निर्वासित ६ टक्के. नागरिकांचे पती-पत्नी, अल्पवयीन मुले आणि आईवडील या मर्यादेच्या बाहेर.

म्हणजे ७४ टक्के जागा नात्याला. फायगन आणि त्यांच्या बाजूच्यांचा हिशेब असा, की ज्यांचे नातेवाईक आधीच अमेरिकेत आहेत तेच येतील, म्हणजे युरोपीयच. सेलर यांनीही सभागृहाला हेच सांगितले, की आशियाई आणि आफ्रिकी लोकांचे तिथे नातेवाईकच थोडे, त्यामुळे त्यांची संख्या फारशी वाढणार नाही. दोघांचाही अंदाज चुकला. युरोपात तोवर सुबत्ता आली होती आणि तिथून येणारे कमी झाले. भारतात शिकलेला डॉक्टर किंवा अभियंता तिसऱ्या प्राधान्याने गेला, पाच वर्षांनी नागरिक झाला, मग आईवडिलांना मर्यादेबाहेर आणि भावाबहिणींना पाचव्या प्राधान्याने बोलावू शकला. भाऊ आला की त्याची बायको-मुले, आणि नागरिक झाल्यावर वहिनीचीही भावंडे. १९६० साली अमेरिकेत भारतात जन्मलेले सुमारे १२ हजार लोक होते, १९८० साली २ लाखांवर गेले. तिथली महाराष्ट्र मंडळे, १९८१ मध्ये स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ, हे सारे या तिसऱ्या आणि पाचव्या प्राधान्यावर उभे आहे.

सेलर यांचे मोठेपण सांगताना त्यांनी अडवलेले लपवणे योग्य नाही. स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती काँग्रेसमध्ये पहिल्यांदा मांडली गेली १९२३ मध्ये, सेलर आले त्याच वर्षी. सभापती म्हणून त्यांनी ती वर्षानुवर्षे सुनावणीविना ठेवली. स्त्री कामगारांना संरक्षण देणारे कायदे तिने मोडतील, ही त्यांची भीती सुरुवातीला अनेक कामगार संघटनांचीही होती. पण १९६४च्या नागरी हक्क विधेयकात नोकरीतल्या भेदभावाच्या कलमात ‘लिंग’ हा शब्द घालायलाही त्यांनी विरोध केला, आणि तो शब्द त्यांना हरवून १६८ विरुद्ध १३३ मतांनी आत गेला. अखेर १९७० मध्ये मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स यांनी डिस्चार्ज पिटिशनवर २१८ सह्या पूर्ण केल्या. स्मिथ यांच्यावर सेलर यांनी जे हत्यार उगारले होते, तेच सात वर्षांनी त्यांच्यावर चालले, आणि या वेळी ते यशस्वी झाले. आमच्या मते ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक होती, आणि ज्येष्ठतेच्या पद्धतीचा दोषही इथेच उघडा पडतो.

त्याची किंमत त्यांनी मोजली. जून १९७२च्या पक्षांतर्गत निवडणुकीत एलिझाबेथ होल्ट्झमन या तिशीतल्या वकील महिलेने ८४ वर्षांच्या सेलर यांचा सुमारे सहाशे मतांनी पराभव केला. समानता दुरुस्तीला त्यांचा विरोध आणि व्हिएतनाम युद्ध हे तिच्या प्रचारातले ठळक मुद्दे होते. त्यांनी तिला गंभीरपणे घेतलेच नव्हते. १९७३ मध्ये त्यांचा हातोडा न्यू जर्सीच्या पीटर रोडिनो यांच्याकडे गेला, आणि १९७४ मध्ये निक्सन यांच्यावरील महाभियोगाची सुनावणी त्याच समितीत झाली. होल्ट्झमन त्या समितीत सदस्य म्हणून बसल्या होत्या. सेलर यांचे निधन १५ जानेवारी १९८१ रोजी ब्रुकलिनमध्येच झाले.

आता आजच्या ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल, कारण त्यावरच्या बातम्यांत दोन चुका नेहमी होतात. पहिली, २० हजारांचा आकडा. तो १९६५चा. १९९०च्या कायद्यापासून कोणत्याही एका देशाला मर्यादा आहे कुटुंब आणि नोकरी या दोन्ही वर्गांतल्या जागांच्या ७ टक्के. नोकरीच्या वर्गात वर्षाला किमान १ लाख ४० हजार जागा, म्हणजे एका देशाला साधारण ९,८००. त्यातही पदव्युत्तर शिक्षितांच्या दुसऱ्या श्रेणीला २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४० हजार, आणि त्यात भारताच्या वाट्याला साधारण २,८००. इतर देशांनी न वापरलेल्या जागा मिळाल्या तरच आकडा वर जातो. अर्जदाराबरोबर पती-पत्नी आणि मुलेही याच आकड्यात मोजली जातात, त्यामुळे चौघांचे कुटुंब चार जागा घेते. देशनिहाय समान मर्यादा ठेवली ती १९२४च्या पक्षपाताला उत्तर म्हणून, ब्रिटनला ६५ हजार आणि इतरांना शंभर असे पुन्हा होऊ नये म्हणून. पण लहानशा आइसलँडला आणि भारताला एकच मर्यादा लावली, की भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते आणि तिथे वाढलेली मुले २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडण्याचा धोका असतो.

दुसरी चूक, ‘भारतीय नागरिकांसाठीची मर्यादा’ असे लिहिणे. मर्यादा नागरिकत्वावर नाही, जन्मदेशावर मोजतात. नाशिकला जन्मलेल्या माणसाने कॅनडाचे नागरिकत्व घेतले, तरी तो भारताच्याच रांगेत उभा राहतो. उलट त्याची पत्नी मस्कतला जन्मलेली असेल, तर दोघांनाही ओमानच्या रांगेत अर्ज मोजून घेता येतो, आणि तो कित्येक वर्षे आधी निकाली निघू शकतो. अनेक अर्जदारांना हे माहीत नसते. आपल्या पुरवणीत या विषयाचे कोष्टक पुन्हा दिलेत, तर ‘नागरिकत्व’ या रकान्याच्या जागी ‘जन्मदेश’ असे छापावे आणि १९६५च्या कायद्याचा उल्लेख त्याच्या पूर्ण नावाने, हार्ट-सेलर कायदा असा करावा, ही विनंती.

आपले,
दोन नियमित वाचक, पुणे